वाशीम जिल्ह्यातील भूजल : पुनर्भरण आणि उपशाचा हिशेब

1 जुलै 1998 रोजी अकोला जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आलेला वाशीम जिल्हा तापी व गोदावरी खोऱ्यांच्या जलविभाजकावर वसलेला आहे. काटेपूर्णा येथून उत्तरेस पूर्णेकडे जाते, तर अडाण व अरुणावती यांचे पाणी पैनगंगेमार्गे गोदावरीच्या खोऱ्यात उतरते. पैनगंगा वगळता बाहेरून पाणी आणणारी मोठी नदी जिल्ह्यात नाही. त्यामुळे येथील शेती आणि पिण्याचे पाणी प्रामुख्याने स्थानिक पावसावर व विहिरींवर अवलंबून आहे. वाशीमचे पद्मतीर्थ किंवा कारंज्याचा ऋषी तलाव हे पाणी अडविण्याच्या जुन्या रीतीचे अवशेष होत.

जिल्ह्याचा भूस्तर बेसॉल्टचा आहे. या खडकाच्या झिजलेल्या थरातून उपशाद्वारे सुटणारे पाणी त्याच्या आकारमानाच्या साधारणपणे 1 ते 3 टक्केच असते. हे प्रमाण 2 टक्के धरल्यास एक हेक्टर क्षेत्राखालील भूजलपातळी 1 मीटरने खालावल्यावर केवळ 20 मिलिमीटर पाणी उपलब्ध होते. गव्हाच्या एका पाळीस सुमारे 60 मिलिमीटर पाणी लागते. म्हणजे तेवढ्याच क्षेत्राखालील पातळी 3 मीटरने उतरते. यातील काही पाणी पुन्हा मुरते, हे खरे. परंतु गव्हाला पाच-सहा पाळ्या द्याव्या लागतात, हरभऱ्याचे मात्र एक-दोन पाळ्यांत भागते. एप्रिलमध्ये गावाच्या नळयोजनेची विहीर आटते, त्याचा निर्णय बहुधा जानेवारीतील विद्युतपंपांनी आधीच केलेला असतो.

डिसेंबर 2014 मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात नाला खोलीकरण, सिमेंट बंधारे, शेततळी अशा कामांवर भर होता. पुनर्भरणास त्यांचा उपयोग आहेच. मात्र वाढलेल्या पाण्यावर हरभऱ्याऐवजी गहू आला, तर उन्हाळ्यासाठी शिल्लक काहीच उरत नाही. शिवाय उगमाकडे अडविलेल्या पाण्याचा परिणाम खालच्या भागावरही संभवतो. अकोला शहराला पाणी पुरविणारे महान येथील धरण काटेपूर्णेवरच आहे.

सार्वजनिक पेयजलस्रोतापासून 500 मीटरच्या आत नव्या विहिरीवर 1993 च्या अधिनियमाने निर्बंध घातला आणि 2009 च्या भूजल अधिनियमाने ते संरक्षण पुढे चालू ठेवले. तथापि अस्तित्वातील विहिरींवरील पीकनिवड कायद्यापेक्षा ग्रामसभेच्या संमतीनेच बदलण्याची शक्यता अधिक. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने सिंचनासाठी कूपनलिका बंद ठेवल्या आणि पावसाचे मोजमाप करून रब्बीचे क्षेत्र ठरविण्याची पद्धत रूढ केली. वाशीममध्ये असा ताळेबंद पावसाळा संपताच, रब्बीच्या पेरणीपूर्वी मांडावा लागेल. पेरणीनंतर विहिरीचा वाटा ठरविणे म्हणजे उभे पीक वाळू देण्यास सांगणे होय, आणि ते कोणताही शेतकरी मान्य करणार नाही.