बाई, पोट खरंच दुखतंय!

बालमित्रांनो, गृहपाठ राहिला की कुणाचं ना कुणाचं पोट हमखास दुखतं! आम्हा शिक्षकांना ते ठाऊक असतं. पण कधी कधी दुखणं अगदी खरं असतं. तेव्हा ते हसण्यावारी नेलं, तर जिवावर बेततं.

अचानक पोट दुखण्याची कारणं पुष्कळ. शिळं अन्न, दूषित पाणी, जंत, मलावरोध, मुतखडा, कधी आतड्याला पडलेला पीळ. आणि एक लबाड कारण म्हणजे अपेंडिक्स! मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी ही बोटाएवढी शेपटी. ती सुजली की बहुधा आधी बेंबीभोवती दुखतं, मग काही तासांत दुखणं उजवीकडे खाली सरकतं. भूक मरते, उलटी होते, ताप येतो. चालताना, खोकताना कळ येते. उपचाराला उशीर झाला तर ती फुटते आणि पोटात पू पसरतो.

गंमत ऐका. अपेंडिक्स काढल्याची नोंद असलेली पहिली यशस्वी शस्त्रक्रिया झाली १७३५ साली, लंडनमध्ये. रोगी होता ११ वर्षांचा मुलगा! त्याने गिळलेल्या टाचणीने अपेंडिक्सला भोक पडलं होतं. तेव्हा भुलीचं औषधही नव्हतं. तरी तो बरा झाला.

दुखणं घरचं की दवाखान्याचं, हे कसं ओळखायचं? आपल्या जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली आरोग्य प्रकल्प सुरू केला. तिथे खेड्यातल्या निरक्षर बायाही असं ओळखायला शिकल्या. मग तुम्हाला का नाही जमणार?

एवढंच बघा आणि मोठ्यांना सांगा : कधीपासून दुखतंय? नेमकं कुठे? जागा बदलली का? उलटी, जुलाब, ताप आहे का? पोट लाकडासारखं कडक झालं, उलटी हिरवी झाली, शौचातून रक्त पडलं किंवा कळ थांबेचना, तर लगेच दवाखाना गाठा. गाडी नसेल तर १०८ नंबर फिरवा. मुलांनो, जांघेत किंवा त्याखाली दुखत असेल तरी लाजू नका, तेव्हाही तासातासाला महत्त्व असतं.

तोवर पोट चोळायचं नाही, एरंडेल किंवा जुलाबाचं औषध द्यायचं नाही, खायलाही काही द्यायचं नाही. आजीला हे गोडीत समजवा!

आणि हो, 'लांडगा आला रे आला'ची गोष्ट आठवते ना? मग गृहपाठासाठी पोट दुखवू नका. खरं दुखेल तेव्हा तुमच्या शब्दावर सर्वांचा विश्वास बसायला हवा.