थकलेल्या हृदयाची चिकित्सा

मनुष्य झोपी गेला म्हणजे त्याचे हातपाय विसावा घेतात. परंतु छातीतील मुठीएवढे एक इंद्रिय रात्रीही काम थांबवीत नाही. हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख ठोके देते. प्रत्येक मिनिटास ते सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. म्हणजेच चोवीस तासांत सुमारे ७,००० लिटर. घराच्या गच्चीवर दिसणाऱ्या हजार लिटरच्या सात टाक्या रिकाम्या करण्याइतके हे काम झाले.

असे हे इंद्रिय दुबळे झाल्यास त्यास बळ कसे द्यावे? वैद्यकशास्त्राने या प्रश्नाचा दोनशेहून अधिक वर्षे पाठपुरावा केला आहे. शेवटी जे उत्तर हाती आले, ते बहुतेकांच्या अपेक्षेच्या अगदी उलट होते.

हृदयदौर्बल्य म्हणजे काय?

इंग्रजीत ज्यास ‘हार्ट फेल्युअर’ म्हणतात, त्यास येथे हृदयदौर्बल्य असे म्हटले आहे. या विकारात हृदय बंद पडत नाही. शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे पाठविणे त्यास जड जाऊ लागते. डावी बाजू मागे पडली म्हणजे फुप्फुसांत रक्त तुंबते. रोग्यास जिना चढताना धाप लागते. पुढे पुढे सपाट निजणेही अशक्य होते आणि दोन-तीन उशांचा आधार घ्यावा लागतो. उजवी बाजू मागे पडली म्हणजे पाय सुजतात व पोटात पाणी साठते.

कारणे अनेक आहेत. हृदयविकाराच्या झटक्याने स्नायूचा काही भाग मरतो. वर्षानुवर्षे वाढलेल्या रक्तदाबाने हृदय शिणते. बालपणी झालेल्या ऱ्हुमॅटिक तापाने हृदयाच्या झडपा खराब होतात. तर कधी मद्याच्या अतिसेवनाने स्नायूच निकामी होतो.

हृदयाच्या खालच्या कप्प्यास निलय म्हणतात. निरोगी माणसाचे डावे निलय भरल्यावर त्यातील १०० भाग रक्तापैकी सुमारे ५५ ते ७० भाग एका ठोक्यास बाहेर टाकते. हे प्रमाण ४० किंवा त्याहून कमी झाले, तर स्नायू स्पष्टपणे दुबळा झाला असे समजतात. हे मोजमाप आज ध्वनिलहरींच्या साहाय्याने सहज करता येते. या पद्धतीचा पाया १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे इंगे एड्लर हे वैद्य व हेल्मूट हर्ट्झ हे भौतिकीविज्ञ यांनी घातला. धातूतील दोष शोधण्यासाठी जहाजाच्या कारखान्यात वापरले जाणारे यंत्र त्यांनी हृदयाकडे वळविले. या मोजमापातूनच पुढे कळून आले की, जवळजवळ निम्म्या रोग्यांत आकुंचन ठीक असते. परंतु ताठर झालेले हृदय नीट शिथिल होत नाही व पुरेसे भरत नाही.

एका वनस्पतीची पाने

इंग्लंडमधील वैद्य विल्यम विदरिंग यांच्याकडे १७७५ साली एक घरगुती काढा अभिप्रायासाठी आला. श्रॉपशर परगण्यातील एक वृद्ध स्त्री तो सर्वांगावर सूज आलेल्या रोग्यांना देत असे आणि त्याची कृती गुप्त ठेवीत असे. त्यात वीस किंवा त्याहून अधिक वनस्पती होत्या. गुण येतो तो फॉक्सग्लव्ह नावाच्या फुलझाडामुळे, हे वनस्पतिशास्त्राचे जाणकार असलेल्या विदरिंग यांनी ओळखले.

त्यांनी दहा वर्षे या पानांचा उपयोग करून पाहिला व १७८५ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. जे रोगी बरे झाले त्यांच्याबरोबरच ज्यांना गुण आला नाही अथवा अपाय झाला, त्यांचीही हकीकत त्यांनी लिहून ठेवली. मात्रा थोडी वाढली की उलट्या होतात, नाडी फार मंद होते, वस्तू पिवळ्या दिसू लागतात, हे इशारेही त्यात आहेत. यश आणि अपयश एकाच वहीत नोंदविण्याची ही शिस्त पुढील कथेत फार मोलाची ठरली.

याच जातीच्या दुसऱ्या एका वनस्पतीपासून १९३० साली डिगॉक्सिन हे शुद्ध द्रव्य वेगळे करण्यात आले. ते हृदयाच्या आकुंचनास जोर देते. साहजिकच दुबळ्या हृदयास जोर देणारे द्रव्य म्हणजेच औषध, अशी समजूत दृढ झाली.

शरीराची फसलेली युक्ती

या समजुतीत चूक कोठे होती, हे कळण्यासाठी शरीर संकटास कसे तोंड देते ते पाहिले पाहिजे. जखमेतून रक्त वाहून गेले, तर अवयवांकडे जाणारा प्रवाह घटतो. अशा वेळी मूत्रपिंडांतून रेनिन नावाचे द्रव्य निघते आणि त्यापासून सुरू होणाऱ्या साखळीमुळे रक्तवाहिन्या आकसतात व शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवते. त्याच वेळी अ‍ॅड्रिनॅलिनसारखी द्रव्ये हृदयास वेगाने धावावयास लावतात. घायाळ माणसाचे प्राण या युक्तीमुळे वाचतात.

हृदय दुबळे झाले तरीही अवयवांकडचा प्रवाह घटतो. शरीरास कारण कळत नाही. रक्त वाहून गेले आहे, असेच ते समजते आणि तोच उपाय योजते. परिणाम असा होतो की, आधीच थकलेल्या हृदयावर पाण्याचा भार वाढतो, आकसलेल्या वाहिन्यांतून रक्त ढकलण्याचे श्रम वाढतात आणि त्यात धावण्याची सक्तीही होते. काही तासांसाठी असलेली युक्ती महिनोन्‌महिने चालू राहिली म्हणजे हृदय ताणले जाऊन अधिकच दुबळे बनते.

चाबूक आणि विसावा

दमलेल्या बैलास चाबूक मारला तर तो चार पावले झपाट्याने टाकतो. पण त्यामुळे त्याची शक्ती वाढत नाही. १९८०च्या दशकात हृदयास जोराने आकुंचन पावावयास लावणाऱ्या नव्या गोळ्या आल्या. त्या घेतल्यावर रक्ताचा प्रवाह वाढे व धाप कमी होई. मग १,०८८ गंभीर रोग्यांवर रीतसर चाचणी घेण्यात आली. काहींना मिलरिनोन हे औषध व काहींना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. १९९१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: औषध घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण २८ टक्क्यांनी अधिक होते. चाचणी मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. रोग्यास बरे वाटणे आणि रोगी अधिक जगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा फार मोठी किंमत देऊन मिळाला.

उलट दिशेने गेलेला प्रयत्न स्वीडनमधीलच गोथेनबर्ग येथे झाला होता. फिन वागस्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अ‍ॅड्रिनॅलिनचा परिणाम रोखणारी, म्हणजे हृदयाची गती कमी करणारी बीटा-ब्लॉकर औषधे दुबळ्या हृदयाच्या रोग्यांना दिली. १९७५ साली अशा सात रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्यांची प्रकृती सुधारली होती. अशा रोग्यांना ही औषधे मुळीच देऊ नयेत असे त्या काळचे शास्त्र सांगत असल्यामुळे बहुसंख्य वैद्यांचा यावर विश्वास बसला नाही. अखेर २,६४७ रोग्यांवरील चाचणीचा निष्कर्ष १९९९ साली आला. निष्क्रिय गोळी घेणाऱ्या गटात २२८ मृत्यू झाले, तर बिसोप्रोलॉल घेणाऱ्या जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात १५६. चाबकापेक्षा विसावा श्रेष्ठ ठरला.

रेनिनची साखळी तोडणारी औषधे त्याआधीच आली होती. त्यांतील पहिल्या गोळीच्या संशोधनास ब्राझीलमधील एका सापाच्या विषाच्या अभ्यासातून दिशा मिळाली. १९८७ साली २५३ अत्यवस्थ रोग्यांच्या चाचणीत सहा महिन्यांच्या आत निष्क्रिय गोळीच्या गटातील शेकडा ४४ रोगी दगावले, तर एनॅलॅप्रिल घेणाऱ्यांतील शेकडा २६. पुढे मिठाची साठवण रोखणारे स्पायरोनोलॅक्टोन हे औषध उपयुक्त ठरले. मूळ मधुमेहासाठी काढलेली, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी औषधेही २०१९ नंतर या रांगेत येऊन बसली. ताठर हृदयाच्या रोग्यांनाही त्यांचा लाभ होतो.

आणि विदरिंग यांची पाने? १९९७ साली ६,८०० रोग्यांच्या चाचणीचा निर्णय लागला. डिगॉक्सिनमुळे रुग्णालयात भरती होण्याचे प्रसंग कमी झाले. आयुष्य मात्र वाढले नाही. त्यांच्या ग्रंथानंतर २१२ वर्षांनी त्या औषधास आपले योग्य स्थान मिळाले.

रुग्णालयातून घराकडे

ज्ञान हाती आले म्हणजे ते रोग्यापर्यंत पोहोचतेच असे नाही. केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील १८ रुग्णालयांत २०१३ साली दाखल झालेल्या हृदयदौर्बल्याच्या १,२०५ रोग्यांची नोंद ठेवण्यात आली. त्यांचे सरासरी वय सुमारे ६१ वर्षे होते. पाश्चात्त्य देशांतील अशा रोग्यांच्या मानाने हे वय पुष्कळच कमी आहे. शेकडा आठ-नऊ रोगी रुग्णालयातच दगावले आणि तीन वर्षांच्या आत शेकडा सुमारे ४५. ज्यांचा स्नायू दुबळा होता त्यांपैकी जेमतेम चौथा हिस्सा रोगीच सर्व सुयोग्य औषधे घेऊन घरी परतले. ज्यांना ती मिळाली, ते अधिक जगले.

रुग्णालयात मूत्रल औषधाने साठलेले पाणी काढून टाकता येते व रोग्याची धाप चार दिवसांत थांबते. परंतु पाणी उतरले म्हणजे रोग गेला, असा गैरसमज घातक होय. हृदयास विसावा देणारी औषधे यापुढेच खरे काम करतात. ती वैद्याच्या देखरेखीखाली अल्प मात्रेने सुरू करून आठवड्या-आठवड्याने वाढवावी लागतात. बीटा-ब्लॉकर तर धाप उसळलेली असताना नव्याने सुरू करीत नाहीत; आणि सुरू असलेले औषध रोग्याने आपल्या मनाने एकदम बंद करणेही धोक्याचे असते.

या सर्व औषधांच्या जोडीस एक साधे उपकरण आहे: वजनकाटा. पायावर सूज दिसण्यापूर्वीच शरीरात पाणी साठू लागलेले असते आणि काटा ते आधी दाखवितो. रोज सकाळी लघवीस जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी वजन करावे व ते वहीत मांडावे. दोन-तीन दिवसांत सुमारे दोन किलो वजन वाढले, तर धाप लागण्याची वाट न पाहता वैद्यास कळवावे. लोणची, पापड व इतर खारट पदार्थ मर्यादित ठेवावेत. मीठ जेथे जाते तेथे पाणी त्याच्यामागून येते.

विदरिंग यांनी रोग्यांच्या हकीकती वहीत लिहिल्या, त्यास दोन शतके लोटली. आज घरच्या भिंतीपाशी वजनकाट्यावर उभा राहून एक आकडा वहीत टिपणारा रोगी, अथवा त्याच्यासाठी तो टिपणारी त्याची मुलगी, त्याच शिस्तीचे पालन करीत असते. थकलेल्या हृदयाची चिकित्सा रुग्णालयात सुरू होते; ती टिकते मात्र या घरच्या वहीमुळे.