टाक्यांचा फोटो

पोटाचं मोठं ऑपरेशन झालं तरी पेशंट बहुधा आठवड्याभरात घरी येतो. जखम चिघळायची असेल तर बऱ्याचदा ती घरी आल्यावरच चिघळते. म्हणून तर ऑपरेशनच्या जागेचा जंतुसंसर्ग साधारण 30 दिवसांपर्यंत धरतात. हे दिवस घरच्यांच्या भरवशावर जातात. आता त्यांच्या हातात मोबाइल आहे.

अपेंडिक्स फुटल्याने आमच्या काकूंचं पोट उघडावं लागलं. घरी सोडताना हॉस्पिटलने सुनेच्या फोनवर एक ॲप टाकून दिलं. ड्रेसिंग बदलायच्या वेळी फोटो काढायचा, प्रश्नांची उत्तरं भरायची, पाठवायचं. ऐकायला सोपं. पण आडवं पडून स्वतःच्या बेंबीखालचा फोटो धड निघत नाही, आणि मुलासमोर पोट उघडं करायला काकू तयार नाहीत. तेव्हा हे काम सुनेचंच.

ती आधी हात धुते. खिडकीचा पडदा सारते, फ्लॅश बंद करते. फ्लॅशने ओलसर कातडी चमकते आणि पाणी सुटलंय की नुसता उजेड पडलाय ते कळत नाही. नातवाच्या कंपासपेटीतली पट्टी पुसून जखमेशेजारी, पण तिला न टेकवता धरायची. "आई, जरा श्वास धरा." पहिला फोटो हमखास हलतो. अंतर आणि उजेड रोज तोच ठेवायचा, कारण एकट्या फोटोला फारसा अर्थ नसतो. कालच्याशेजारी आजचा ठेवला की लाली पसरतेय की ओसरतेय ते दिसतं. त्यातही सावळ्या कातडीवर लाली लाल दिसतेच असं नाही. कधी ती जांभळट, काळपट असते. पुस्तकातल्या गोऱ्या पोटांवरून अंदाज बांधणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेलं बरं.

फोटोला वास येत नाही. कड गरम लागतेय का, दाबल्यावर टणक आहे का, ठणका वाढलाय का, हेही त्यात उतरत नाही. म्हणून मला या ॲपमध्ये कॅमेऱ्यापेक्षा प्रश्न महत्त्वाचे वाटतात. ताप आला का? जखमेतून काही येतं का, पातळ की घट्ट? काकू प्रत्येकाला "काही नाही गं" म्हणतात, आणि सून थर्मामीटर लावूनच आकडा भरते.

एडिंबरामध्ये 2016 ते 2020 या काळात पोटाच्या तातडीच्या ऑपरेशननंतरच्या 492 पेशंटवर असाच प्रयोग झाला. त्यातल्या 223 जणांकडून तिसऱ्या, सातव्या आणि पंधराव्या दिवशी फोनवर प्रश्नांची उत्तरं आणि फोटो मागवले गेले. महिन्याभराचा हिशेब पाहता निदानाच्या वेळेत हा गट आणि बाकीचे यांच्यात ठोस फरक निघाला नाही. पहिल्या आठवड्यात मात्र फोनवाल्या गटात संसर्ग ओळखला जाण्याची शक्यता जवळपास चौपट होती. पण तिथे पलीकडे पाहायला डॉक्टर मंडळी होती. खरा खर्च त्या माणसांचा. ॲप त्यामानाने स्वस्त.

काकूंनी नेमकं त्या माणसांबद्दलच विचारलं: "रविवारी हे कोण बघतं?" सुनेने ॲप खालपर्यंत सरकवलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं, सुट्टीच्या दिवशी आलेले फोटो पुढच्या कामाच्या दिवशी पाहिले जातील. ताप किंवा पू असल्यास थेट कॅज्युअल्टीत या. तिने कॅज्युअल्टीचा नंबर कागदावर लिहून फ्रिजला चिकटवला.