डेमियन मार्ली वडिलांच्या मांडीवर शिकला नाही

डेमियन मार्लीचं नाव निघालं की ठरलेलं वाक्य कानावर येतं: ‘बॉब मार्लीचा मुलगा ना? मग गाणं वडिलांकडूनच उचललं असणार. बाकी सगळी बापाची पुण्याई!’ रेगे आवडीने ऐकणारी माणसंही हे बोलतात, तेव्हा चीड येते. खातरजमा करायला दोन तारखा पुरेशा आहेत. डेमियनचा जन्म २१ जुलै १९७८चा. बॉब मार्ली कर्करोगाने मायामीत गेला तो ११ मे १९८१ रोजी. मुलाला तिसरं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. त्या वयात कसली तालीम मिळते?

मग तो शिकला कुठे? जमैकातल्या किंग्स्टनमध्ये तो लहानाचा मोठा झाला तेव्हा तिथे डान्सहॉलचा जोर होता. तिथला डीजे म्हणजे तबकड्या बदलणारा माणूस नव्हे, तर तयार तालावर बोलांची फैर झाडणारा कलाकार. डेमियनची घडण ही अशी, डीजेची. बॉब मुळात गायक, सुरांत रमणारा, मागे ‘आय-थ्रीज’च्या तिघींचा कोरस घेणारा. दोघांची कलाच वेगळी. मुलगा वडिलांची नक्कल करतो म्हणणाऱ्याने दोघांना सलग दहा मिनिटंही ऐकलेलं नसतं.

तेराव्या वर्षी त्याने रेगे कलाकारांच्याच मुलांसोबत ‘शेफर्ड्स’ नावाचा बँड काढला. पुढे त्याला हाताशी धरलं ते सावत्र भावाने. १९९६चा ‘मिस्टर मार्ली’, २००१चा ‘हाफवे ट्री’, २००५चा ‘वेलकम टू जॅमरॉक’, या सगळ्यांच्या निर्मितीत स्टीफन मार्लीचा मोठा हात आहे. गुरू शोधायचाच असेल तर तो इथे सापडतो.

‘वेलकम टू जॅमरॉक’ हे त्याचं सर्वांत गाजलेलं गाणं. त्याचा पाया बॉबचा नाही. आयनी कामोझेचं १९८४चं ‘वर्ल्ड-अ-म्युझिक’ आणि त्यामागचा स्लाय डनबर व रॉबी शेक्सपिअर या जोडीचा ताल, यांवर ते उभं आहे. पर्यटनाच्या जाहिरातीत कधी न दिसणारा जमैका त्यात आहे: बंदुका, गरिबी, पुढाऱ्यांची आश्वासनं. रेगे म्हणजे शॅक, समुद्र आणि सुस्ती एवढंच गोव्याहून घेऊन आलेल्यांनी हे गाणं अवश्य ऐकावं.

आडनावाने दारं उघडली, हे खरंच आहे, आणि डेमियनने ते कधी लपवलेलं नाही. वडील ‘टफ गाँग’ म्हणून हा ‘ज्युनिअर गाँग’. ‘वेलकम टू जॅमरॉक’ याच नावाच्या अल्बममधल्या ‘मूव्ह’ या गाण्यात बॉबचं ‘एक्झोडस’ उघडपणे वापरलं आहे. पण ‘ग्रॅमीसुद्धा बापामुळेच’ हे मात्र निखालस खोटं. बॉबला हयातीत एकही ग्रॅमी मिळाली नाही. रेगेचा स्वतंत्र विभागच त्याच्या मृत्यूनंतर, १९८५ साली सुरू झाला. उलट मुलाने २००६ साली रेगेच्या ग्रॅमीसोबत रेगेबाहेरच्या विभागातलीही एक ग्रॅमी घेतली.

आता बाकीचे गैरसमज थोडक्यात. बॉबची पत्नी रिटा मार्ली डेमियनची आई नव्हे. आई सिंडी ब्रेकस्पिअर, १९७६ची मिस वर्ल्ड. बॉबने मुलांच्या नावे इस्टेट रीतसर लिहून ठेवली, असंही नाही: मृत्युपत्रच नव्हतं, आणि कोर्टकज्जे कित्येक वर्षं चालले. रेगे बॉबने ‘शोधलं’ नाही. स्का आणि रॉकस्टेडीतून ते साठच्या दशकाच्या अखेरीस अनेकांच्या हातून घडलं. जमैकात गांजाला सरसकट मुभा नाही. २०१५च्या कायद्याने दोन औंसांपर्यंत गांजा बाळगणं हा फौजदारी गुन्हा राहिला नाही, दंड मात्र होतो, आणि रास्ताफारी लोकांना धार्मिक वापराची सवलत आहे.

आणि ‘आपल्याकडे त्याला कोण ओळखतं?’ असं म्हणणाऱ्यांसाठी: २०११ साली मिक जॅगर, जॉस स्टोन आणि डेव्ह स्टुअर्ट यांच्यासोबत ‘सुपरहेवी’ या बँडमध्ये डेमियन होता, आणि पाचवा कलाकार होता ए. आर. रहमान. तो अल्बम आणि ‘जॅमरॉक’ लागोपाठ ऐका. वडिलांशी तुलना त्यानंतर खुशाल करा.