डायनासोरचं शेण, घड्याळाचा तांदूळ

धानाचे नवे वाण निवडून काढणारे दादाजी खोब्रागडे ३ जून २०१८ रोजी गडचिरोलीजवळच्या शोधग्रामात वारले. दीड एकराचा शेतकरी, तिसरीपर्यंतचं शिक्षण, 'फोर्ब्स'ची २०१०ची यादी आणि अखेरच्या दिवसांतली पैशांची ओढाताण, हे सगळं तेव्हा आठवडाभर छापून आलं. ते इथे पुन्हा गिरवत नाही. मला त्यांच्या गावाबद्दल बोलायचं आहे, आणि त्या निमित्ताने त्यांच्याच जिल्ह्यातल्या आणखी एका गावाबद्दल, ज्याचा दादाजींशी वरवर काही संबंध नाही.

पुण्या-मुंबईकडे नांदेड म्हटलं की गोदावरी आणि गुरुद्वारा आठवतो. दादाजींचं नांदेड चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातलं, झाडीपट्टीतलं. बोड्या, मालगुजारी तलाव आणि त्यांच्या पोटाला लागून पसरलेल्या धानाच्या बांध्या, असा हा मुलूख. चंद्रपूरकरांना जिल्ह्याबद्दल विचारा, ते वाघ सांगतील, कोळसा सांगतील, फार झालं तर उन्हाळ्यातला पारा सांगतील. गडचिरोलीच्या लोकांना तर सांगायची संधीच मिळत नाही, त्यांच्याबद्दल दुसरेच बोलत असतात. धानाचा अभिमान मात्र इथे कुणी मोठ्याने मिरवत नाही. रोज ताटात असतं त्याचं काय कौतुक!

१९८३ साली दादाजींच्या बांधीत 'पटेल-३' हा वाण उभा होता. जबलपूरच्या कृषी विद्यापीठात डॉ. जे. पी. पटेल यांनी तयार केलेला हा वाण त्या काळी या भागात चांगलाच रुळलेला. त्यात दादाजींना दोन-तीन लोंबा निराळ्या दिसल्या. दाण्याचा रंग वेगळा, ठेवण वेगळी. धान उभा असताना बांधीवरून सगळेच फिरतात. निराळी लोंब दिसली तर माणूस फार तर भेसळ म्हणून उपटून टाकतो. दादाजींनी ती जपून ठेवली, पुढच्या वर्षी शेताच्या मधोमध वेगळी लावली आणि रानडुकरांनी नासधूस करू नये म्हणून भोवती काट्यांचं कुंपण घातलं. मग दर हंगामात तेच: निवडायचं, वेगळं ठेवायचं, पुन्हा लावायचं. काही वर्षांनी बीज पुरेसं झालं तेव्हा ते एका मोठ्या शेतकऱ्याने नेलं. त्याचा माल तळोधीच्या बाजारात आला, तर व्यापाऱ्याला नाव हवं. नाव कुठे होतं? त्या काळी मनगटावर एचएमटीचं घड्याळ असणं म्हणजे प्रतिष्ठा. धानालाही तेच चिकटलं.

पुढे २०१६ साली केंद्र सरकारने एचएमटीचे घड्याळाचे कारखाने बंद केले. घड्याळ थांबलं, तांदूळ चालू आहे.

दादाजींनी नंतर काढलेल्या वाणांची नावं बघा: नांदेड-९२, नांदेड हिरा, नांदेड चिन्नोर, विजय नांदेड. नवी चीज हाताशी आली की आधी गावाचं नाव लावायचं, ही त्यांची सवय. या जिल्ह्यातल्या एखाद्या माणसाने गावाचा अभिमान इतक्या दूरच्या बाजारांत पोहोचवल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. पोत्यावर छापलेला अभिमान, मिरवणूक नाही, फलक नाही.

२००५ साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार दादाजींना राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते मिळाला. त्याच वर्षी, १८ नोव्हेंबरला, अमेरिकेतल्या 'सायन्स' नियतकालिकात एक शोधनिबंध आला. त्यातला नमुना याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचा, वरोऱ्याच्या उत्तरेला असलेल्या पिसदुरा गावचा. नमुना म्हणजे काय, तर डायनासोरची विष्ठा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची, दगड झालेली. आणि तिच्यात सापडलं गवत.

डायनासोरच्या काळात गवत होतं याचा पुरावा तोवर कुणाकडेच नव्हता. सिनेमांत हिरव्या कुरणावरून ती अवाढव्य जनावरं चालताना दिसली की जाणकार नाक मुरडायचे. गवताचे खात्रीचे अवशेष साधारण साडेपाच कोटी वर्षांपूर्वीपासूनचे, म्हणजे डायनासोर संपल्यानंतरचे. पिसदुऱ्याच्या शेणाने तो समज मोडला.

शोध कसा लागला हे झाडीपट्टीच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. निंदण करताना धानाच्या पातीने हात कापतो, कारण पातीत गारेचे, म्हणजे सिलिकाचे सूक्ष्म कण असतात. भात गिरणीतल्या तुसाची राख पांढरी पडते आणि सहजी मातीत मिसळत नाही, तीही त्याच सिलिकामुळे. पात कुजते, जळते, जनावराच्या पोटात पचते, पण हे कण तसेच राहतात. त्यांचा आकार गवताच्या जातीनुसार बदलतो, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली ते बघून कुठलं गवत होतं हे सांगता येतं. लखनौच्या बीरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद, स्वीडनमधल्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातल्या कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी पिसदुऱ्याच्या शेणदगडांतून हे कण वेगळे काढले. किमान पाच प्रकारची गवतं निघाली, आणि त्यांत तांदूळ ज्या कुळशाखेत येतो तिच्याशी जवळीक दाखवणारं गवतही होतं.

२०११ साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये पुढचा निबंध आला आणि त्याने स्पष्टच म्हटलं की भाताच्या जमातीतली गवतं त्या काळी अस्तित्वात होती. अशा एका गवताला नाव दिलं गेलं 'मॅटलीआइट्स', पिसदुऱ्यात काम केलेल्या चार्ल्स मॅटली या इंग्रज संशोधकाची आठवण म्हणून. मॅटलीने १९३९ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नियतकालिकात पिसदुऱ्याच्या शेणदगडांवर स्वतंत्र लेखच लिहिला होता. एका खेड्यातल्या विष्ठेवर अख्खा लेख! आपल्याकडे यावर हसतात. पण हाडांवरून जनावर केवढं होतं ते कळतं. काय खात होतं, कसं पचवत होतं हे विचारायचं तर शेणाकडेच जावं लागतं. पिसदुऱ्याच्या शेणात पानांवर रोग आणणाऱ्या बुरश्यांचे अवशेषसुद्धा ओळखले गेले आहेत, त्यात आपल्याकडे पिकावर 'भुरी' आणणाऱ्या गटातल्या बुरश्याही आहेत. म्हणजे भुरी पडलेली पानंसुद्धा ती जनावरं खात होती.

आता थोडं पाणी घालतो, नाहीतर उद्या कुणीतरी 'तांदळाचं जन्मस्थान चंद्रपूर' असा फलक लावील. त्या जनावरांचा मुख्य चारा गवत नव्हता. इतर झाडपाला, सूचिपर्णी, ताडवर्गीय असं बरंच काही पोटात जात होतं, गवत त्यात चिमूटभर. शेणात सापडलं ते तांदळाचं दूरचं नातलग, तांदूळ नव्हे. तांदूळ माणसाळला तो काही हजार वर्षांपूर्वी, चीनमध्ये यांगत्सेच्या खोऱ्यात. आणि साडेसहा कोटी वर्षांपूर्वी 'चंद्रपूर' म्हणावं असं इथे काही नव्हतंच. भारताचा तुकडा विषुववृत्ताच्या दक्षिणेला, समुद्राने वेढलेला, उत्तरेकडे सरकत होता आणि पश्चिमेला दख्खनचा लाव्हा उसळत होता. हे सगळं मान्य करूनही मला हा योगायोग सोडवत नाही. ज्या जिल्ह्यात एका माणसाने उभ्या पिकात निराळी लोंब ओळखली, त्याच जिल्ह्याच्या मातीत भाताच्या कुळाचे जगातले सर्वांत जुने म्हणावेत असे पुरावे निघाले, आणि दोन्हींची दखल एकाच वर्षी घेतली गेली.

पिसदुऱ्याचे धागे निघतात तरी कुठून कुठे! इथल्या हाडांकडे आणि शेणदगडांकडे आधी लक्ष गेलं ते एका पाद्र्याचं. स्टीफन हिस्लॉप, स्कॉटलंडच्या डन्स गावचा, १८४५ साली नागपूरला आलेला. ज्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात आहे तेच हे. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत त्यांनी नागपूर परिसराच्या भूगर्भाचा अभ्यास लंडनला कळवला. १८६३ साली टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परतताना पूर आलेल्या नाल्यात ते वाहून गेले. त्यांचे गोंडांविषयीचे कागद नंतर सर रिचर्ड टेंपल यांनी छापले.

१८७९ साली रिचर्ड लिडेकरने पिसदुऱ्याच्या शेपटीच्या मणक्यावरून 'टायटॅनोसॉरस ब्लॅनफोर्डी' ही जात सांगितली. १९३३ साली जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या फॉन ह्यूने आणि मॅटली यांनी इथली हाडं तपासली, तर त्यांना ती मादागास्करमधल्या हाडांच्या ओळखीची वाटली. मादागास्कर आणि वरोरा तालुका! भूखंड सरकतात ही कल्पना तेव्हा अनेक भूवैज्ञानिकांना थट्टेची वाटत होती. १९७७ साली सोहनलाल जैन यांनी इथल्या एका कासवाच्या जातीला गावाचं नाव दिलं, 'पिसदुरेन्सिस'. २०११ साली नागपूरचे धनंजय मोहबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका मोठ्या सापाची जात नोंदवली: 'मॅडत्सोइया पिसदुरेन्सिस'. या सापाचा एक भाऊबंदही मादागास्करमध्येच सापडलेला आहे.

वरोऱ्याजवळच्याच डोंगरगावाची गोष्ट याहून मजेची. तिथे १९८०च्या दशकात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या मंडळींनी एका डायनासोरचा बराचसा सांगाडा खणून काढला. संख्याशास्त्राच्या संस्थेचं जीवाश्मांशी काय नातं, असं कुणीही विचारेल. तर तिथे भूगर्भशास्त्राचा विभाग होता आणि जोमात होता. जैन आणि बंदोपाध्याय यांनी १९९७ साली या जनावराचं वर्णन केलं. पुढे २००३ साली त्याला नाव मिळालं 'आयसिसॉरस कोलबर्टी': पहिला भाग संस्थेच्या आद्याक्षरांवरून, दुसरा अमेरिकी संशोधक एडविन कोलबर्ट यांच्यावरून. डोंगरगावाला नावात जागा मिळाली नाही. हाडंही कोलकात्यात.

शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात, सिरोंच्याकडे, उलटं घडलं. प्राणहितेच्या काठावरचं कोटा हे गाव भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत जगभर छापलं जातं, कारण ज्युरासिक काळातल्या एका खडकथराचं नावच 'कोटा' आहे. त्यातून 'कोटासॉरस' आला, जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांची आठवण म्हणून नामकरण झालेला 'कोटाथेरियम हाल्डेनाय' हा इवलासा सस्तन प्राणी आला. कोटासॉरसची हाडं नदीपलीकडच्या यामनपल्लीची, सांगाडा हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात, आणि नाव गडचिरोलीच्या गावाचं. सिरोंचा तालुक्यातच वडधमला वन विभागाचं जीवाश्म उद्यान आहे, तिथे दगड झालेली झाडं तरी जागेवर बघायला मिळतात.

हे सगळं सांगताना एक गोष्ट खुपते. ब्लॅनफोर्ड, मॅटली, कोलबर्ट, हाल्डेन: या नावांबद्दल तक्रार नाही, पण ती सगळी बाहेरच्यांची. हिस्लॉपला पिसदुऱ्याच्या शिवारात कोण घेऊन गेलं असेल? शेत नांगरताना वर आलेलं जड, विचित्र हाड पहिल्यांदा बाजूला कोणी ठेवलं असेल? विज्ञानाच्या नामावळीत त्या माणसाला जागा नसते. फार तर त्याच्या गावाला असते.

दादाजींच्या बाबतीत हाच प्रश्न त्यांच्या हयातीत उभा राहिला. १९९४ साली अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या लोकांनी त्यांच्याकडून एचएमटीचं बियाणं नेलं आणि १९९८ साली 'पीकेव्ही एचएमटी' नावाने वाण प्रसारित केला. विद्यापीठाची बाजू अशी की त्यांनी शुद्धीकरण केलं. ते केलंही असेल, आणि शास्त्रीय शुद्धीकरणाला किंमत आहे. पण मूळ निवड कोणाची हे पिशवीवर छापायला एक ओळ पुरली असती, हे माझं मत. नावात विद्यापीठ आलं, घड्याळाची कंपनी आली, माणूस तेवढा राहून गेला.

दादाजींनी यावर आरडाओरडा फारसा केला नाही. त्यांनी आणखी वाण काढले, आणि त्यातल्या एकाला आपली आद्याक्षरं लावली. दादाजी रामाजी खोब्रागडे, डीआरके. किराणा दुकानात हा तांदूळ मागणाऱ्या बहुतेकांना ती तीन अक्षरं एखाद्या कंपनीची वाटतात.