रिपोर्ट ‘नॉर्मल’ आल्यानंतरचे दुखणे

या अहवालाच्या मागील पृष्ठांवर बाह्यरुग्ण विभाग, शस्त्रक्रिया, प्रयोगशाळा व क्ष-किरण विभाग यांचे तक्ते नेहमीप्रमाणे दिले आहेत. त्या तक्त्यांत एका प्रकारचा रुग्ण वेगळा असा कोठेच दिसत नाही. तो हृदयविकाराच्या रकान्यात एकदा मोजला जातो, पोटविकाराच्या रकान्यात एकदा आणि मेंदूविकाराच्या रकान्यात आणखी एकदा. प्रत्यक्षात माणूस एकच असतो. त्याच्या हातात कापडदुकानाची पिशवी असते. तीत चार-पाच वर्षांचे रिपोर्ट, एक्स-रेच्या मोठ्या फिल्म आणि फिकट होत चाललेल्या ईसीजीच्या पट्ट्या असतात. जवळजवळ प्रत्येक कागदावर शेवटी ‘नॉर्मल’ असे लिहिलेले असते, तरी दुखणे थांबलेले नसते.

या रुग्णांविषयी लिहिण्याचे निमित्त मात्र हिशेबाचे आहे. विश्वस्त मंडळाच्या बैठकीत जमाखर्च पाहताना एका सन्माननीय विश्वस्तांनी विचारले, की ‘समुपदेशन’ या शीर्षकाखाली जमा इतकी थोडी आणि खर्च इतका का? प्रश्न रास्त होता. बैठकीत त्याचे समाधानकारक उत्तर देता आले नाही, म्हणून ते येथे देत आहोत. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. वैद्यकीय भाग आमच्या डॉक्टरांनी वाचून दुरुस्त केला आहे. हिशेबाच्या चुका राहिल्या असल्यास त्या आमच्या.

प्रथम एक हकिकत. कोणाची ओळख पटू नये म्हणून दोन-तीन रुग्णांच्या गोष्टी एकत्र करून ती सांगत आहोत. साखर कारखान्यात वजनकाट्यावर काम करणारे चाळिशीचे एक गृहस्थ. त्यांचे थोरले बंधू झोपेतच हृदयविकाराने गेले. दिवसकार्य आटोपून महिना झाला असेल नसेल, एका रात्री यांच्या छातीत धडधड सुरू झाली, हातांना मुंग्या आल्या, श्वास पुरेनासा झाला. शेजाऱ्यांनी जीपमध्ये घालून रुग्णालयात आणले. ईसीजी ठीक होता. पुढे टूडी एको आणि ट्रेडमिलची तपासणी झाली. दोन्ही ठीक निघाल्या. ‘तुम्हांला काहीही झालेले नाही,’ असे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा त्यांनी हात जोडले. तो आनंद परतीच्या एस.टी.त बसेपर्यंत टिकला. गाडी घाटाला लागली आणि मनात आले, की तपासणीच्या वेळी धडधड होतच नव्हती, मग ती यंत्राला दिसणार कशी? पुढील दीड वर्षात तीन गावचे सहा डॉक्टर झाले, एन्डोस्कोपी झाली, मानेचा एमआरआय झाला आणि अखेर एका मोठ्या शहरात जाऊन अँजिओग्राफीही झाली. तिच्यासाठी पत्नीच्या पाटल्या गहाण पडल्या. अँजिओग्राफी स्वच्छ निघाली. ‘काही तरी निघाले असते तर बरे झाले असते,’ असे त्या बाई आमच्या समाजसेविकेपाशी बोलून गेल्या आणि लगेच त्यांनी स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

त्या गृहस्थांची धडधड खरी होती काय? डॉक्टर म्हणतात, पूर्णपणे खरी होती. भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रेनॅलिन स्रवते, हृदयाची गती वाढते आणि श्वास भराभर चालतो. भराभर श्वासाने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळेच बोटांना व ओठांभोवती मुंग्या येतात, डोके हलके होते, छाती आवळल्यासारखी वाटते. माणसाला वाटते हवा कमी पडते आहे, म्हणून तो आणखी जोराने श्वास घेतो आणि मुंग्या वाढतात. यांतील कोणतेही लक्षण कल्पित नाही. चूक असेल तर ती लक्षणाच्या अर्थात आहे.

दुसरा भाग लक्ष देण्याचा. वाचकांनी येथे क्षणभर थांबून पाच-सहा वेळा सलग आवंढा गिळून पाहावा. चौथ्या-पाचव्या वेळी घशात काही अडल्यासारखे वाटू लागते. घशाला काहीही झालेले नसते. आपण त्याच्याकडे पाहू लागलो, इतकेच. मानेतील गाठ दिवसातून वीस वेळा चाचपणाऱ्याची ती जागा चाचपण्यानेच हुळहुळी होते आणि दुखते आहे म्हणून ती पुन्हा चाचपली जाते. २०२०-२१ च्या कोविडच्या साथीत घरोघरी ऑक्सिमीटर आले. साथ ओसरल्यानंतरही तासातासाला त्यात बोट घालून पाहणारे रुग्ण आमच्याकडे येत राहिले. ९८ आकडा आला की समाधान, ९६ आला की रिक्षा करून रुग्णालय. वास्तविक दोन्ही आकडे निरोगी माणसाचेच.

गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संशयकल्लोळ’ नाटकातील फाल्गुनरावांना पत्नीविषयी जसा संशय, तसा या माणसांना स्वतःच्या देहाविषयी असतो आणि पुराव्याने तो फिटत नाही. त्या नाटकाच्या कथानकाचे मूळ ज्या फ्रेंच नाटककारापर्यंत जाते, त्या मोलिएरचे अखेरचे नाटक अशाच एका ‘काल्पनिक’ रोग्यावर होते. १६७३ साली त्यातील रोग्याची भूमिका तो स्वतः करीत असे. चौथ्या प्रयोगात त्याला खरोखरीच अस्वस्थ वाटू लागले आणि त्याच रात्री तो मरण पावला. ही गोष्ट आम्ही केवळ गंमत म्हणून सांगत नाही. तिच्याशी मिळतीजुळती एक चूक आमच्या हातून झाली आहे, ती पुढे येईल.

वैद्यकात या विकाराला पूर्वी ‘हायपोकॉन्ड्रिया’ म्हणत. या शब्दाला हेटाळणीचा वास लागल्यामुळे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदानग्रंथातून तो काढून टाकला आणि त्याच्या जागी दोन नवी निदाने घेतली. एक शारीरिक लक्षणांचा त्रास प्रमुख असणाऱ्यांचे, दुसरे लक्षणे थोडी व आजाराची धास्तीच मोठी असणाऱ्यांचे. या बदलातील महत्त्वाचा भाग असा, की लक्षणाचे वैद्यकीय कारण सापडते की नाही याला पूर्वीइतके वजन उरले नाही. त्या लक्षणापायी माणसाचा किती वेळ, किती विचार आणि किती झोप जाते, हे पाहिले जाते. त्यामुळे खरोखरीचा मधुमेह वा हृदयविकार असलेल्या रुग्णालाही ही धास्ती असू शकते आणि तिचा उपचार वेगळा करावा लागतो.

आता हिशेब. प्रयोगशाळेच्या कागदावर प्रत्येक आकड्यापुढे ‘सामान्य मर्यादा’ छापलेली असते. ती बहुधा अशी ठरवतात, की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के तिच्यात बसावेत. म्हणजे शंभर निरोगी माणसांतले पाच जण काहीही आजार नसता मर्यादेबाहेर जाणारच. एका तपासणीपुरते हे चालून जाते. परंतु एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एकदम केल्या, तर ठणठणीत माणसाचा निदान एक आकडा मर्यादेबाहेर जाण्याचा संभव सुमारे ६४ टक्के होतो. (०.९५ चा विसावा घात काढून तो एकातून वजा करावा. आमच्या लेखापालांनी काढून पाहिला.) तो आकडा रिपोर्टवर ठळक अक्षरांत येतो. धास्तावलेल्या माणसाला बाकीचे एकोणीस दिसत नाहीत, त्या एकासाठी पुढची तपासणी होते आणि पिशवी जड होते. ‘संपूर्ण आरोग्य तपासणी’ची पॅकेजे आमच्याही रुग्णालयात आहेत व त्यांचे उत्पन्न जमेच्या बाजूस दिसते, हे येथे लपवून ठेवणे बरे नव्हे.

निदान तपासणीने मनाला धीर तरी येतो, असा आमचा समज होता. २०१३ साली चौदा वैद्यकीय प्रयोगांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. गंभीर आजाराचा संभव मुळात कमी असलेल्या रुग्णांच्या तपासण्या केल्याने त्यांची काळजी वा लक्षणे फारशी कमी होत नाहीत, असे त्यात आढळले. आमच्या गृहस्थांचा एस.टी.तला अनुभव तोच सांगत होता.

धर्मादाय रुग्णालयाच्या दृष्टीने यात आणखी एक बाजू आहे. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार २००६ पासून आम्हांस एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वर्ग करावी लागते. हा निधी मर्यादित असतो. त्यातून एक अनावश्यक एमआरआय झाला, की कोणाच्या तरी डायलिसिसचे पैसे त्या महिन्यात कमी पडतात.

मग करावयाचे काय? १९८६ साली अमेरिकेत एक साधा प्रयोग झाला. वर्षानुवर्षे अनेक अनिर्णित लक्षणे सांगणाऱ्या रुग्णांच्या नेहमीच्या डॉक्टरांना एका मानसोपचारतज्ज्ञाने फक्त एक पत्र लिहिले. त्यात सल्ला असा होता: रुग्णाला ठरावीक अंतराने बोलवा, प्रत्येक वेळी हाताने तपासा, स्पष्ट कारण असल्याखेरीज चाचण्या व दाखल करणे टाळा, आणि ‘हे सारे तुमच्या मनाचे आहे’ असे म्हणू नका. त्या रुग्णांचा तिमाही वैद्यकीय खर्च ५३ टक्क्यांनी उतरला व प्रकृतीत बिघाड झाला नाही. इतक्या स्वस्त उपचाराची उदाहरणे आमच्या व्यवसायात फार नाहीत.

आमची गुरुवारची दुपारची ओपीडी याच धर्तीवर चालते. रुग्णाला एकच डॉक्टर पाहतात आणि पुढची तारीख आधीच दिली जाते. दुखत असो वा नसो, त्या तारखेला यायचे. ही अट ऐकून रुग्ण प्रथम चकित होतात. परंतु दुखले तरच डॉक्टर भेटणार असतील, तर डॉक्टर भेटण्यासाठी दुखावे लागते, हे ध्यानात घेतले म्हणजे तिचे प्रयोजन कळते. डॉक्टरांनंतर समुपदेशक अर्धा-पाऊण तास बसतात. श्वास सावकाश कसा घ्यावा, नाडी पाहण्याची ऊर्मी आली की ती प्रथम दहा मिनिटे, मग अर्धा तास पुढे कशी ढकलावी, अशा लहान गोष्टींपासून काम सुरू होते. गरजेप्रमाणे मानसोपचारतज्ज्ञ औषधही देतात. यात फार धीर लागतो. साखर कारखान्यातले ते गृहस्थ आजही दोन महिन्यांतून एकदा येतात. एखाद्या रात्री धडधड होते, तेव्हा ते उठून पायरीवर बसतात आणि श्वास मोजतात. नवी तपासणी मागितल्याला वर्ष उलटले. पाटल्या अद्याप सुटलेल्या नाहीत.

आता ती चूक. ही ओपीडी सुरू होण्यापूर्वी अशा रुग्णांविषयी आमच्या नोंदणी खिडकीवर ‘नेहमीचे’ असा एक शब्द रूढ झाला होता. एका मध्यमवयीन बाईंच्या केसपेपरवर कोणी तरी ‘चिंताग्रस्त’ असा शेरा मारला होता. पुढे प्रत्येकाने आधी तो शेरा वाचला आणि मग बाईंकडे पाहिले. धडधड, हातांची थरथर, झोप न येणे या तक्रारी त्या शेऱ्याशी जुळतच होत्या. एके दिवशी परिचारिकेने सवयीने वजन घेतले आणि मागच्या नोंदीशी ताडून पाहिले, तेव्हा ते बरेच उतरलेले दिसले. थायरॉइड ग्रंथी जादा काम करीत होती. उपचाराने त्या बऱ्या झाल्या; आम्हांला मात्र त्या केसपेपरची आठवण पुसता आलेली नाही. तेव्हापासून प्रत्येक भेटीत वजन, नाडी व रक्तदाब यांची नोंद सक्तीची केली आणि स्वभावाविषयीचे शेरे पहिल्या पानावर लिहिण्यास मनाई केली. स्वीडनमध्ये अशा निदानाच्या चार हजारांवर व्यक्तींचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक, आणि आत्महत्येचे सुमारे चौपट आढळले. ‘यांना काही होत नाही’ असे म्हणण्यास आधार नाही.

समुपदेशक कोठून आणावेत, हा पुढचा प्रश्न. मानसोपचारतज्ज्ञ तालुक्याच्या गावी मिळणे दुरापास्त. या बाबतीत शेजारच्या गोव्याने वाट दाखविली आहे. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन नैराश्य व चिंतेच्या रुग्णांसाठी समुपदेशक नेमण्यात आले. यातील पुष्कळसे रुग्ण अंगदुखी, थकवा, झोप नसणे याच तक्रारी घेऊन येतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सरकारी केंद्रांतील अशा रुग्णांपैकी सहा महिन्यांत सुमारे ६६ टक्के बरे झाले. समुपदेशक नसलेल्या केंद्रांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के होते. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही, हेही नमूद केले पाहिजे. आमच्या दोन समुपदेशकांपैकी एक पूर्वी अंगणवाडीत शिकवीत असत.

रुग्णांच्या कुटुंबीयांना एक विनंती. ‘तुला काही झालेले नाही’ हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकवून उपयोग होत नाही. दहाव्या वेळेचा परिणाम पहिल्या वेळेपेक्षा लवकर ओसरतो. ‘दुखते आहे हे कळते, गुरुवारी डॉक्टरांना सांगू’ इतके म्हणून हातातले काम पुढे चालू ठेवावे. परंतु वजन उतरणे, शौचावाटे रक्त जाणे, चालताना छातीत दुखणे वा धाप लागणे, सतत ताप, अचानक हातपाय लुळे पडणे यांपैकी काही नव्याने दिसले, तर गुरुवारची वाट पाहू नये. जीव नकोसा झाल्याची भाषा कानी आली तर तीही दुर्लक्षू नये. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो व तेथे मराठीतून बोलता येते.

राहिला विश्वस्तांचा प्रश्न. एमआरआयला दर आहे, एन्डोस्कोपीला दर आहे. पाऊण तास बोलण्याला आमच्या दरपत्रकात फक्त केसपेपरचे शुल्क आहे. ते वाढविण्याचा प्रस्ताव आम्हीच मांडला होता व आम्हीच मागे घेतला, कारण हे रुग्ण येथे पोहोचतात तेव्हा त्यांचे पैसे आधीच तपासण्यांत संपलेले असतात. ताळेबंदात ‘समुपदेशन’ या शीर्षकापुढे दिसणारी तूट ती हीच. चालू वर्षीही ती सामान्य निधीतून भरून काढण्याची तरतूद अंदाजपत्रकात केली आहे.