'कूट' म्हणजे काय?

'एजंट' म्हटले की आपल्यासमोर विम्याचा एजंट उभा राहतो. संगणकाच्या जगात हल्ली या शब्दाला नवा अर्थ आला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचा एजंट म्हणजे असा प्रोग्रॅम, जो आपला प्रश्न वाचतो, तो सोडवायला कोणते साधन घ्यावे हे स्वतः ठरवतो आणि मिळालेल्या माहितीवरून उत्तर देतो. अशा एका साधनाची माहिती लिहिण्याचे काम गेल्या दिवाळीच्या सुटीत माझ्याकडे आले. काम संगणकाचे वाटले होते, निघाले भाषेचे. म्हणून हा लेखप्रपंच.

माझा धाकटा मावसभाऊ इंजिनिअरिंगला आहे. त्याने आजीच्या वहीतील पाककृती संगणकावर उतरवून त्या शोधण्याचे एक साधन तयार केले. शेंगाचटणी, धपाटे, कडक भाकरी, शेंगापोळी असा सारा सोलापुरी संसार त्यात आहे. "ताई, तू मराठीवाली. याचं वर्णन चार ओळींत लिहून दे," तो म्हणाला. मी एकच ओळ लिहिली, 'सोलापुरी पाककृती शोधण्याचे साधन', आणि मोकळी झाले!

पण एजंटला आजीची वही दिसत नाही. त्याच्यापुढे असते ती साधनांची यादी : प्रत्येकाचे नाव, वर्णन आणि त्याला कोणती माहिती पुरवायची याचा आराखडा. ती सांगण्याची एक सामाईक पद्धत 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' या नावाने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झाली. वर्णन वाचूनच एजंट साधन निवडतो, त्यात शब्द भरतो आणि आलेले उत्तर आपल्या भाषेत मांडतो. म्हणजे वर्णन तोकडे, तर निवड चुकीची.

आमचे तसेच झाले. 'शेंगांची चटणी' विचारली, तर एजंटने शेवग्याच्या शेंगा शोधल्या. सापडल्या नाहीत, तेव्हा स्वतःच एक कृती रचून दिली! आम्ही पोट धरून हसलो. दुसऱ्या प्रश्नाला मात्र हसू आले नाही. माझ्या मामेबहिणीच्या मुलाला शेंगदाणा सोसत नाही. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात. म्हणून 'शेंगदाणे वगळून भाजी' असे विचारले. पहिलेच उत्तर आले भरली वांगी. वहीत आजीने लिहिले होते, 'मूठभर कूट'. शेंगदाणे हा शब्द तेथे नव्हताच. यंत्राने तो पदार्थ निर्धोक ठरवला.

आजीला सांगितले तर ती म्हणाली, "अगं, वांग्यात कूट दाण्याचंच असतं, हे काय लिहायचं?" तिचे बरोबरच होते. वही तिने लेकीसुनांसाठी लिहिली होती आणि त्या शेजारीच उभ्या असत. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने १९७० मध्ये वाटी-चमच्याचे प्रमाण देऊन नवख्या गृहिणीचा हात धरला. पण त्या गृहिणीलाही अडले तर शेजारणीला विचारता येत होते. आमचा वाचक अडल्यावर विचारीलच असे नाही. तो अंदाज करतो आणि तो ठामपणे सांगतो.

मग आम्ही वही घेऊन आजीपुढे बसलो. जेथे जेथे 'कूट', तेथे तेथे प्रश्न : शेंगदाण्याचे, तिळाचे की कारळाचे? उत्तर जिनसांच्या यादीत स्पष्ट लिहिले. शेंगा, दाणे, भुईमूग, मूंगफली, तेलुगू घरांतील पल्ली ही सारी नावे एका जिनसाखाली आणली. आजीची वाटी पाण्याने मोजली. ती १५० मिलिलिटर भरली. वर्णनही नव्याने लिहिले :

'या साधनात एका घरातील सोलापुरी पाककृती आहेत. "शेंगा" म्हणजे येथे शेंगदाणे. वगळायचा जिन्नस वेगळ्या रकान्यात द्यावा. उत्तर रिकामे आले, तर या वहीत तशी कृती नाही एवढेच सांगावे. स्वतः कृती रचू नये. पदार्थ सोसण्या-न सोसण्याबद्दल हे साधन हमी देत नाही. जिन्नस वाचून खात्री करण्यास सांगावे.'

यातील शेवटची दोन वाक्ये मला सर्वांत महत्त्वाची वाटतात. साधन काय करते हे सांगणे सोपे असते. काय करत नाही हे सांगायला आपल्याच कामाकडे परक्याच्या नजरेने पाहावे लागते. अर्थात, वर्णन उत्तम असले तरी एजंट ते पाळीलच असे नाही. म्हणून आधी वहीतील शब्द दुरुस्त केले, वर्णन नंतर.

आता तोच प्रश्न विचारला की भरली वांगी येत नाहीत. मामेबहीण तरीही जिनसांची यादी वाचून मगच चूल पेटवते, आणि तेच योग्य आहे.

मराठीत कूट म्हणजे कोडेही. आपल्या रोजच्या बोलण्यात अशी किती कोडी न सोडवता पडून आहेत, याचा पत्ता मला या कामात लागला. 'कला शाखेला संगणकात काय काम?' असे विचारणाऱ्यांना मी आता एवढेच म्हणते : आधी सांगा, मूठभर कूट कशाचे?